युद्धपटावरील अप्रकट माहिती व मर्यादित गुप्तवार्ता

पटावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत प्रतिपक्षाच्या सैन्याचे अस्तित्व, स्थान, बळ किंवा हेतू यांविषयीचे ज्ञान खेळाडूपासून नियमपूर्वक राखून ठेवण्याच्या पद्धतीस अप्रकट माहितीची पद्धती म्हणतात. या राखून ठेवलेल्या माहितीपैकी जो अंश टेहळणी, हेरगिरी, बंदिवानांचे जबाब किंवा प्रत्यक्ष चकमक यांच्याद्वारे खेळाडूच्या हाती येतो, ती त्याची मर्यादित गुप्तवार्ता होय. ती उशिरा आलेली, अपुरी किंवा खोटीही असू शकते. सेनापती जे असते त्यावरून निर्णय घेत नाही, त्याला जे ठाऊक असते त्यावरून घेतो. त्यामुळे ज्या युद्धखेळात दोन्ही बाजू एकमेकींना पूर्णपणे दिसतात, तो खेळ सैन्यबळ, अंतर आणि काळ यांचे हिशेब अचूक दाखवील. पण युद्धातील निर्णय कसे घडतात किंवा कसे चुकतात, हे तो दाखवू शकत नाही.

पूर्ण व अपूर्ण माहितीचे खेळ : बुद्धिबळ हा पूर्ण माहितीचा खेळ आहे. त्यातील राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती आणि प्यादी ही नावे सैन्यातून आलेली असली, तरी पटावरील सर्व मोहरी दोघांच्याही डोळ्यांसमोर असतात. प्रतिस्पर्ध्याचा बेत तेवढा अज्ञात असतो. भारतात अनेक ठिकाणी जमिनीवर किंवा मंदिराच्या फरसबंदीवर रेघा आखून खेळला जाणारा वाघ-बकरीचा खेळही याच वर्गात मोडतो. त्यात दोन्ही बाजूंचे बळ विषम असते. वाघ थोडे पण उडी मारून बकरी टिपणारे, तर बकऱ्या पुष्कळ पण केवळ कोंडी करू शकणाऱ्या. या विषमतेमुळे तो लष्करीदृष्ट्या बुद्धिबळापेक्षाही लक्षणीय ठरतो. तथापि रानातल्या वाघाचे मुख्य सामर्थ्य, म्हणजे तो दिसत नाही हे, या पटावर उतरतच नाही.

याउलट पत्त्यांचे खेळ अपूर्ण माहितीचे असतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा रंगांचे प्रत्येकी बारा असे १२० पत्ते असतात. खेळाडूस आपल्या हातातील पत्ते दिसतात. इतरांकडे काय आहे हे त्यास पडलेल्या पत्त्यांवरून ताडावे लागते. पुढे युद्धपटांनी पत्त्यांचा हाच गुण उचलला. या दोन वर्गांतील भेदाला शास्त्रीय रूप देण्याचे कार्य जॉन फोन नॉयमान व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खेळ-सिद्धांतविषयक ग्रंथाने केले. माहिती अपूर्ण असली, की हुलकावणी ही केवळ लबाडी राहत नाही, तर तर्कशुद्ध खेळाचा आवश्यक भाग बनते, हे त्यांनी गणिताने दाखविले.

इतिहास : अप्रकट माहितीचा पद्धतशीर वापर प्रथम प्रशियाच्या सैन्यात झाला. गेओर्ख लेओपोल्ट फोन राइसव्हित्स याने १८१२ च्या सुमारास तयार केलेला युद्धखेळ त्याच्या अधिकारी पुत्राने सुधारून १८२४ मध्ये नियमांसह प्रसिद्ध केला. त्यात चौकटींच्या पटाऐवजी १ : ८,००० या प्रमाणाचा भूनकाशा वापरीत आणि एक डाव प्रत्यक्षातील दोन मिनिटांइतका धरीत. त्यातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे पंच. खेळाडू आपल्या आज्ञा लिहून पंचाकडे देत आणि जी सैन्ये परस्परांच्या दृष्टिटप्प्यात आली असतील तेवढीच पंच नकाशावर मांडीत असे. याच काळात कार्ल फोन क्लाउझेव्हित्स हा युद्धशास्त्रज्ञ आपला ग्रंथ लिहीत होता. मरणोत्तर १८३२ पासून प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात त्याने युद्धातील अनिश्चिततेस धुक्याची उपमा दिली. युद्धाचे धुके हा शब्दप्रयोग पुढे या कल्पनेतून रूढ झाला. यूलिउस फोन व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा याने १८७६ मध्ये किचकट नियम कमी करून पंचाच्या अनुभवावर भर देणारा मुक्त युद्धखेळ पुरस्कारिला.

इंग्लंडमध्ये हेन्री मायकेल टेंपल याने १८९९ मध्ये याच धर्तीवर आंधळ्या बुद्धिबळाचा प्रकार रचला. त्यात प्रत्येक खेळाडूस फक्त स्वतःची मोहरी दिसतात आणि खेळी शक्य आहे किंवा नाही एवढेच पंच सांगतो. पंचावाचून माहिती लपविण्याचा सोपा उपाय फ्रान्समध्ये निघाला. एर्मांस एदां या महिलेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका खेळाचे एकस्व मिळविले. त्यातील उभ्या सोंगट्यांचा दर्जा फक्त मालकाच्या बाजूस लिहिलेला असे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नेदर्लंड्समध्ये पुढे आलेला स्ट्रॅटेगो हा याच खेळाचा वारस होय. त्यात प्रत्येकाकडे चाळीस सोंगट्या असतात. सर्वांत दुर्बळ असा हेर आपण होऊन चाल केल्यास सर्वश्रेष्ठ सेनापतीस मारू शकतो; परंतु सेनापती कोठे आहे हे त्यास आधी कळले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात या पद्धतीचा गंभीर उपयोग झाला. लिव्हरपूल येथे १९४२ मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स याच्या हाताखाली ब्रिटिश नौदलाने एक प्रशिक्षण पथक उभारले. तेथे खोलीची जमीन हाच समुद्र असे. जहाजांच्या काफिल्याचे रक्षण करणारे अधिकारी कनातीच्या पडद्याआड बसत आणि प्रत्यक्षात नौकेवरून जेवढे दिसले असते तेवढेच त्यांस फटीतून दिसे. शत्रूच्या पाणबुड्यांचे मार्ग त्यांना दिसू नयेत अशा हिरव्या खडूने आखले जात. महिला नौसैनिकांच्या साहाय्याने चालविलेल्या या खेळांतून पाणबुडीविरोधी डावपेच सिद्ध झाले आणि ते अटलांटिकमध्ये वापरले गेले.

नागरिकांसाठी छापील युद्धपटांचे युग अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स याच्या टॅक्टिक्स (१९५४) या खेळापासून सुरू झाले. षट्कोणी घरांचा नकाशा आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या हे त्याचे पुढे रूढ झालेले स्वरूप. सोंगटीवर बळ व वेग यांचे आकडे उघड छापलेले असल्याने हे खेळ बुद्धिबळाप्रमाणेच सर्वदर्शी झाले. ही उणीव जाणवू लागताच विविध उपाय निघाले. मिडवे (१९६४) या खेळात दोन्ही पक्ष स्वतंत्र शोधपटांवर आपले आरमार लपवितात व विमानांनी समुद्राचे भाग धुंडाळतात. क्वेबेक १७५९ (१९७२) या कॅनडातील खेळात लाकडी ठोकळे उभे ठेवून त्यांची खूण स्वतःकडे वळविण्याची युक्ती योजिली होती. पांझरग्रुपे गुडेरिअन (१९७६) यात सोव्हिएट पलटणींचे बळ पहिली लढाई होईपर्यंत शत्रूला तर नाहीच, पण त्यांच्या स्वतःच्या सेनापतीलाही ठाऊक नसते.

प्रकार व साधने : अप्रकट माहितीचे पाच प्रकार संभवतात. (१) अस्तित्व : समोर कोणी आहे की नाही हेच अज्ञात असणे. यासाठी पोकळ, म्हणजे सैन्य नसलेल्या, सोंगट्या खऱ्यांत मिसळतात. (२) स्थान : शत्रू आहे, पण कोठे आहे हे न कळणे; यासाठी शोधपट वा पंच लागतो. (३) बळ : स्थान कळले तरी संख्या व शस्त्रे न कळणे, यासाठी उभे ठोकळे वा पालथ्या सोंगट्या वापरतात. (४) हेतू : प्रतिपक्षास काय साधावयाचे आहे हे न कळणे, यासाठी उद्दिष्टे चिठ्ठ्यांवर किंवा पत्त्यांवर लिहून गुप्त ठेवतात. (५) स्वपक्षाची स्थिती : कुमक कधी येईल, आज्ञा पोहोचली की नाही, मित्र शब्द पाळील की नाही, याविषयीचे अज्ञान. यांपैकी शेवटचा प्रकार पटावर सर्वांत क्वचित आढळतो. इतिहासात मात्र अनेक पराभवांच्या मुळाशी तोच असतो.

ज्ञान मिळविण्यास किंमत पडली पाहिजे, हे या सर्व साधनांमागील समान तत्त्व होय. टेहळणीस पाठविलेले घोडेस्वार लढाईस उपयोगी पडत नाहीत. शोध घेणारे जहाज स्वतःही दिसू लागते. मोबदला न देता मिळणारी माहिती खेळातून निर्णयाची अडचणच काढून टाकते.

चांदा प्रदेशातील मोहिमा : वरील प्रकार प्रत्यक्ष युद्धात एकमेकांत कसे गुंततात, हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेल्या चंद्रपूर (पूर्वीचे चांदा) व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्यापूर्वीच्या घटना चांदा जिल्ह्याच्या म्हणूनच नोंदल्या गेल्या आहेत. या प्रदेशात वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता ही नदी होते व ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. पूर्वेस टिपागड, सुरजागड व भामरागड येथील डोंगर असून साग, बांबू, ऐन, मोह व तेंदू यांची दाट वने आहेत.

पहिले उदाहरण १८१८ चे आहे. आष्टीच्या लढाईत (२० फेब्रुवारी १८१८) बापू गोखले पडल्यावर दुसरा बाजीराव पेशवा नागपूरकर आप्पासाहेब भोसले याच्या मदतीच्या आशेने चांद्याच्या रोखाने निघाला. कोट व चार वेशी असलेले गोंडराजांचे हे जुने नगर भोसल्यांच्या ताब्यात होते. दोघांचे सैन्य तेथे एकत्र आले असते, तर इंग्रजांस नवी मोहीम उभारावी लागली असती. परंतु नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्झ याला या पत्रव्यवहाराचा सुगावा लागला व त्याने १५ मार्च रोजी आप्पासाहेबास कैद केले. बाजीराव एप्रिलमध्ये वर्धाकाठी आला, तेव्हा ज्याच्या भरवशावर तो आला होता तो मित्र बंदिवासात होता. नागपूरकडून निघालेल्या कर्नल स्कॉटच्या तुकडीने चांद्याची वाट रोखली, पश्चिमेकडून जनरल डव्हटन येत होता आणि कर्नल ॲडम्स हिंगणघाटच्या बाजूस होता. डव्हटनला टाळण्यासाठी सरकत असलेल्या पेशव्याच्या सैन्याची गाठ १७ एप्रिल रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे ॲडम्सशी पडली व त्यात त्याचा मोड झाला. चांद्याचा कोट इंग्रजांनी मे महिन्यात हल्ला करून घेतला आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला.

या मोहिमेचा नकाशा आज पाहणाऱ्यास तिन्ही इंग्रज सैन्यांचे बाण एकाच वेळी दिसतात आणि पेशवा सापळ्यात का शिरला, असा प्रश्न पडतो. उघड सोंगट्यांच्या पटावर तर कोणताही खेळाडू वर्धेकडे फिरकणारच नाही. मग प्रत्यक्षातील निर्णय केवळ मूर्खपणाचा वाटू लागतो. पण त्याच पटावर आप्पासाहेबाची सोंगटी पालथी ठेवली, इंग्रजांच्या तुकड्यांत काही पोकळ मिसळल्या आणि पकडलेले पत्र एकाच पक्षास वाचू दिले, की वर्धेकडे जाणे हा उपलब्ध पर्यायांपैकी समंजस पर्याय दिसू लागतो. येथे निर्णायक ठरली ती इंग्रजांची शत्रूच्या हेतूविषयीची वार्ता आणि पेशव्याचे मित्राच्या स्थितीविषयीचे अज्ञान, म्हणजे वर उल्लेखिलेले चौथा व पाचवा हे प्रकार.

दुसरे उदाहरण १८५८ चे. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यात उठाव केला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या फौजेशी मार्च-एप्रिलमध्ये नांदगाव-घोसरी, सगणापूर आणि बामनपेठ येथे त्यांच्या चकमकी झाल्या. प्रत्येक चकमकीनंतर उठाववाले डोंगरात दिसेनासे होत. फौजेस लढाईची जागा कळे, ती लढाई होऊन गेल्यावर. २९ एप्रिल रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथील तार खात्याच्या तळावर हल्ला होऊन गार्टलंड व हॉल हे दोन कर्मचारी ठार झाले. पीटर नावाचा तिसरा निसटला. तारायंत्र हे त्या काळी राज्यकर्त्यांचे शीघ्रतम वार्तासाधन होते. त्यामुळे हा आघात सैन्यबळाप्रमाणेच ज्ञानाच्या साधनावरही पडला.

उठावाचा शेवट मोठ्या लढाईने झाला नाही. इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणून त्यांचे साहाय्य मिळविले. वाटा, गावे आणि माणसे यांचे जे ज्ञान चांद्याच्या कचेरीत नव्हते, ते अहेरीत होते. बाबूराव १८ सप्टेंबर रोजी पकडले गेले व २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांदा येथे फाशी देण्यात आले. व्यंकटराव बस्तरच्या अरण्यात गेले. पुढे तेही पकडले गेले. भारतीय टपाल खात्याने २००९ मध्ये बाबूरावांचे स्मारक तिकीट काढले. युद्धपटाच्या भाषेत सांगावयाचे, तर क्रिक्टनकडे बळाच्या सोंगट्या होत्या व बाबूरावांकडे अदृश्यता. अहेरीची सोंगटी ज्या दिवशी एका बाजूस झुकली, त्या दिवशी ती अदृश्यता संपली.

अरण्यप्रदेशाचा पट : अशा प्रदेशाचा युद्धपट रचावयाचा झाल्यास मैदानी युद्धाचे नियम पुरेसे पडत नाहीत. मैदानात दृष्टीचा टप्पा उंचवट्यावर अवलंबून असतो, तर पानझडी वनात तो ऋतूवर अवलंबून असतो. फाल्गुन-चैत्रात पाने गळली, की दूरचे दिसते व सुकलेल्या पाचोळ्यावर पावलांचा आवाजही होतो. पावसाळ्यात रान दाटते, नाले भरतात व गावांचा परस्परसंपर्क तुटतो. म्हणून डावागणिक दृष्टिटप्पा बदलणारा नियम आवश्यक ठरतो. वार्तेला अंतराप्रमाणे विलंब लावावा लागतो. तीन दिवसांच्या वाटेवरील गावची बातमी तीन डावांनी जुनी होऊनच हाती येते. भाषेचाही विचार करावा लागतो. गोंडी व माडिया बोलणाऱ्या गावात मराठी किंवा इंग्रजी जाणणाऱ्या अधिकाऱ्यास दुभाष्यामार्फतच माहिती मिळते, आणि दुभाष्याबरोबर त्याचे हितसंबंधही येतात.

या प्रदेशातील अलीकडच्या संघर्षातही हेच तत्त्व प्रत्ययास आले. १९८० नंतर येथे नक्षलवादी चळवळ पसरली. तिच्याविरुद्ध गडचिरोली पोलिसांनी १९९० मध्ये सी-६० हे विशेष दल उभारले. त्यात स्थानिक तरुणांची भरती करण्यामागे ते भाषा व भूप्रदेश जाणतात, हे एक प्रमुख कारण होते. याच संघर्षात पोलिसांचे खबरे असल्याच्या संशयावरून अनेक गावकऱ्यांना नक्षलवाद्यांनी ठार केले. पटावर गुप्तवार्ता ही एक चिठ्ठी असते. गावात ती सांगणारा वा न सांगणारा माणूस असतो. गावाला केवळ माहितीचे घर मानणारा युद्धपट त्या गावाची अडचण दाखवू शकत नाही. दोन्ही बाजूंना बोलण्याचे व न बोलण्याचे मोल त्या गावानेच मोजलेले असते.

मर्यादा : अप्रकट माहितीच्या खेळांना काही व्यावहारिक अडचणी आहेत. पंचाची पद्धती सर्वांत वास्तव, परंतु तिसरा जाणकार माणूस व दुप्पट वेळ मागणारी आहे. पंचाविना खेळताना परस्परांच्या प्रामाणिकपणावर विसंबावे लागते आणि चुकून झालेली नियमभंगाची खेळी उघडकीस येत नाही. इतिहासावर आधारलेल्या खेळात आणखी एक अडचण असते. सोंगट्या कितीही झाकल्या, तरी खेळाडूने इतिहास वाचलेला असतो. तीवर उपाय म्हणून आरंभीची मांडणी बदलती ठेवतात किंवा प्रदेशाचे व सेनापतींचे नाव न सांगता प्रसंग मांडतात. संगणकाने पंचाचे काम पुष्कळ सोपे केले आहे. तथापि खुद्द संगणकालाही हे क्षेत्र अवघड गेले. बुद्धिबळात यंत्राने जगज्जेत्या कास्पारॉव्हवर १९९७ मध्येच मात केली. स्ट्रॅटेगोत मात्र निष्णात मानवी खेळाडूंच्या बरोबरीस येण्यास यंत्राला २०२२ साल उजाडले. पटावर जे आहे त्याची गणना करणे सोपे असते. जे असू शकेल त्याच्या सर्व शक्यता एकदम तोलून पुन्हा स्वतःचा हेतू लपविणे अधिक कठीण असते.

युद्धपट हे करमणुकीचे साधन आहे, तसेच इतिहास वाचण्याचेही साधन आहे. मागाहून काढलेल्या नकाशावर दोन्ही सैन्ये दिसतात. त्या दिवशी ती कोणालाच दिसत नव्हती. झाकलेल्या सोंगट्यांचा पट खेळाडूस त्या दिवसाच्या अज्ञानात पुन्हा नेऊन बसवितो. तेथून पाहिले असता वर्धाकाठचा पेशवा, रानात शोध घेणारा क्रिक्टन आणि डोंगरात दडलेले बाबूराव यांच्या निर्णयांची परीक्षा त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींच्याच मापाने करता येते.